मागच्या दारापासून एकवीस पावलं

"ऊठ मावशी, सावली गेली बघ," मी तिसऱ्यांदा म्हणालो.

मार्थामावशी उठली नाही. देवळाच्या मागच्या पडीक जागेत, वाळलेल्या कुसळात ती मांडी घालून बसली होती. दोन्ही तळहात जमिनीवर टेकवून ती माझ्याकडे अशी बघत होती, की जणू मी तिचं काहीतरी उचलून न्यायला आलो आहे.

"माझी दीना हितंच हाय," ती म्हणाली. "मागच्या दारापासून एकवीस पावलं, मग डाव्या हाताला दोन. सव्वीस वर्सं मोजून येतीया मी. डोळं बांधून सोड, तरी येईन."

"मग मशीन का वाजत नाही?"

तिने तळहात जमिनीवर आणखी दाबले. खरं कारण मलाही ठाऊक नव्हतं, पण माझा आवाज मात्र सगळं कळत असल्यासारखा होता. अठरा वर्षं फौजेत काढली की आवाज तसा होतो.

ही अठ्ठ्याण्णव सालच्या मार्चमधली गोष्ट. नगरकडच्या आमच्या खडकवाडीत मिशनच्या साहेबांनी बांधलेलं दगडी चर्च आहे. आम्ही त्याला देऊळच म्हणतो. तेव्हा त्याला शंभराच्या वर वर्षं झाली होती आणि निम्मी कौलं फुटलेली होती. पावसाळ्यात उपासनेला मंडळी भिंतीला चिकटून बसायची. ट्रस्टच्या शहरातल्या कचेरीने ठरवलं, की देवळामागची जागा रस्त्याला लागून आहे, तिथे दुकानांचे गाळे काढायचे आणि भाड्यातून छप्पर करायचं. अडचण एकच होती. त्या जागेत आमची माणसं पुरलेली होती. किती आणि नेमकी कुठे, ते कुणालाच सांगता येत नव्हतं.

दगड फक्त तीन होते. एक मडमेचा, एक जुन्या पाळकांचा आणि एक माझ्या वडिलांचा. वडील मिशनच्या शाळेत मास्तर होते. बाकीच्यांच्या डोक्याशी लाकडी क्रूस रोवायचे. त्यातले काही वाळवीने खाल्ले, काही कुणाकुणाच्या चुलीत गेले. ज्यांची माणसं तिथे होती, ती घरं एकेक करून पिंपरी-चिंचवडला कामाला गेली होती. गावात उरलेल्यांत, इथे माझं माणूस आहे असं जमिनीवर हात ठेवून सांगणारी एकटी मार्थाबाई भिंगारदिवे होती. तिची पाच वर्षांची मुलगी बहात्तरच्या दुष्काळात हगवणीने गेली होती.

ट्रस्टचे सेक्रेटरी ओहोळ वाईट माणूस नव्हते. हे मी मुद्दाम सांगतो, कारण ही गोष्ट ऐकली की लोक आधी त्यांच्याकडे बोट दाखवतात. ते स्वतः माझ्या घरी आले, ओट्यावर बसून चहा प्यायले आणि म्हणाले, "हवालदार, आपल्याला कुणाच्या कबरीवर गाळा उभा करायचा नाही. तुम्ही सुरुंग शोधलेले माणूस. तुमच्याकडे मशीन आहे. कबरी दाखवा, तेवढी जागा मी सोडून देतो. लेखी देतो."

मी फुशारलो. खोटं कशाला बोलू? मी सॅपर होतो, जमिनीत पेरलेले सुरुंग हुडकणं हे माझं काम होतं. निवृत्त झाल्यावर कुणाला त्याचं काय कौतुक? गावात मी पाण्याच्या जुन्या पाइपलाइनी शोधून द्यायचो. मशीन एका सिक्युरिटी कंपनीच्या भंगारातून घेतलेलं होतं. लांब दांडा, खाली ताटाएवढी चकती, कानाला हेडफोन. त्यावर लोक हसायचे. पोरंबाळं असलेल्या बायका अंगठी हरवली की तेवढ्या गोड बोलायच्या. आणि इथे शहरातून जीपमध्ये बसून आलेला माणूस मला हवालदार म्हणत होता.

पद्धत मीच शोधून काढली. जमिनीखालची हाडं मशीनला कळत नाहीत, पण शवपेटीला खिळे असतात. लाकूड कुजतं, खिळा गंजून का होईना राहतो. मी आधी वडिलांच्या कबरीवर चकती फिरवली. डोक्याशी वाजलं, पायाशी वाजलं, दोन्ही कडांना वाजलं. माणसाच्या मापाचा चौकोन कानात उभा राहिला. वडील गेले तेव्हा मी चौदा वर्षांचा होतो, नगरच्या बोर्डिंगातून मला आणलं होतं. मिशनच्या सुताराने पेटीला खिळे ठोकले, तो आवाज मी आतल्या खोलीतून ऐकला होता. आता तेच खिळे मला उत्तर देत होते. डोळ्यांत पाणी आलं, ते मी ओहोळांना दिसू दिलं नाही.

दोन दिवस मी ती जागा पट्ट्यापट्ट्यांनी विंचरून काढली. फौजेत करायचो तसंच, पांढरी फीत बांधून. देवळाच्या भिंतीलगत मला अकरा चौकोन मिळाले. जागेच्या मधोमध एक बाभूळ होती, तिच्या पलीकडे मात्र काहीच नाही. एखादा डबा, एखादा नाल वाजायचा, चौकोन कुठेच नाही. फौजेत आम्हाला शिकवलेलं होतं, की मशीन गप्प म्हणजे जमीन मोकळी. त्या शब्दावर मी माझ्या मागून माणसं चालवलेली होती आणि ती सगळी परत आली होती. मग मी बाभळीपाशी फीत ओढली आणि ओहोळांना म्हणालो, "इथून पुढे मोकळं."

मार्थामावशी त्याच मोकळ्या जागेत बसली होती.

"मशीनीला माणूस कळतो व्हय?" तिने विचारलं.

खिळे, पेटी, चौकोन, हे सगळं तिला समजावून सांगायला दोन मिनिटं लागली असती. ऊन डोक्यावर आलं होतं, ओहोळ घड्याळ बघत होते.

"मशीनला सगळं कळतं," मी म्हणालो. "ये, तूच ऐक."

मी तिला हाताला धरून वडिलांच्या कबरीवर नेलं. हेडफोन तिच्या पदरावरून कानांवर चढवला आणि चकती फिरवली. ती दचकली, मग तिने माझ्याकडे बघून मान डोलावली. "मास्तर बोलत्यात," ती हळूच म्हणाली. मग मी तिला तसंच तिच्या जागेवर आणलं आणि तिथे चकती फिरवली. एकदा, दोनदा, चार बाजूंनी. ती डोळे मिटून ऐकत होती. तिच्या तोंडावरची एकेक रेघ खाली येताना मी बघितली.

"न्हाई बोलत," ती म्हणाली.

"नाही ना? मग?"

"मंजी मी सव्वीस वर्सं..." ती थांबली. "मंग माझी दीना कुठंशी हाय, शमुवेला?"

मला वाटलं होतं ती भांडेल. भांडली असती तर मीही भांडलो असतो आणि कदाचित रागाच्या भरात तरी खिळ्यांची गोष्ट बोलून गेलो असतो. पण तिने माझ्यावर विश्वास ठेवला. स्वतःच्या पावलांवरचा काढला आणि माझ्या मशीनवर ठेवला.

ओहोळ माझ्या कानाशी आले. "हवालदार, म्हातारीला काहीतरी द्या. असं बरं दिसत नाही."

भिंतीलगतच्या अकरा चौकोनांच्या कडेला मला आदल्या दिवशी एक आवाज मिळाला होता. एकच जाड आवाज. चौकोन नाही, खिळे नाहीत. बैलगाडीच्या आसाचा तुकडा असेल नाहीतर नांगराचा फाळ, हे मला तेव्हाही पक्कं ठाऊक होतं. मी तिला तिथे घेऊन गेलो, हेडफोन चढवला आणि चकती अलगद त्या जागेवर धरली.

"ही बघ," मी म्हणालो. "लहान आहे, म्हणून आवाज छोटा."

मला वाटलं, जागा तर ती चुकलीच आहे, मग एका जागेऐवजी दुसरी दिली तर कुणाचं काय बिघडतं. मार्थामावशी खाली बसली. तिने पदराने तेवढीच जागा झाडली, खडे वेचून बाजूला टाकले आणि जमिनीशी तोंड नेऊन म्हणाली, "एवढ्या लांब कशी गं आलीस?"

मी नकाशा काढला. बाभळीच्या रेषेपलीकडे कबरी नाहीत, असं लिहून खाली सही केली. निवृत्त हवालदार शमुवेल साळवे. हुद्दा ओहोळांनी मागितला नव्हता, मीच हौसेने लिहिला.

घरी आई ओसरीवर मेथी निवडत बसली होती. जेवताना मी तिला सगळं सांगितलं, मार्थामावशीचं जरा हसतहसतच. म्हटलं, म्हातारीचं मोजमाप बघ, सव्वीस वर्षं भलत्याच जागी फुलं वाहिली.

आईने हातातली जुडी खाली ठेवली.

"खिळ्यांवरून शोधलंस?"

"मग? पेटीला खिळे असतातच की."

"दीनाला कुठली पेटी, शमू?" आई म्हणाली. "पेटी मडमेला, पाळकांना, आपल्याला. मिशनच्या पगारावर होते त्यांना. भिंतीला लागून ती सगळी मास्तरा-पाळकांच्या घरातलीच माणसं आहेत. भिंगारदिवे, गायकवाड, शेतावरची, खडी फोडायला जाणारी माणसं कापडात जायची. बहात्तर साली तर कापडही नव्हतं. त्या पोरीला मी माझं जुनं लुगडं दिलं होतं. किरमिजी. मी स्वतः गुंडाळलंय तिला."

मी ताट बाजूला सारलं.

"बाभळीच्या पलीकडे किती आहेत?" मी विचारलं.

"मी काय मोजत बसले होते? दुष्काळातच पंधरा-वीस गेली. आधीची वेगळी." मग ती माझ्याकडे बघत म्हणाली, "तुला कुणी सांगितलं नाही का रे?"

कोण सांगणार? मी बोर्डिंगात, मग फौजेत. गावातली एकच मयत मी पाहिलेली, ती मास्तरांची. त्यावरून मी सगळ्या गावाला पेट्या वाटून मोकळा झालो होतो. आणि जी एक बाई सांगू शकली असती, तिला मी कानाला हेडफोन लावून गप्प केलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठलाच मी देवळामागे गेलो. ओहोळ आधीच आले होते, कंत्राटदाराचा माणूस चुन्याने रेघा मारत होता. जेसीबी रस्त्याला लावून ठेवलेला होता.

"काम थांबवा," मी म्हणालो. "पलीकडेही माणसं आहेत. पेटीशिवाय पुरलेली. मशीनला ती कळत नाहीत."

ओहोळांनी मला बाजूला घेतलं. आवाज चढवला नाही.

"किती आहेत?"

"वीस. जास्तही असतील."

"कुठे कुठे?"

"ते सांगता येत नाही."

"हवालदार, काल तुम्ही लिहून दिलंत की काहीच नाही. आज म्हणता सगळीकडे आहेत, पण एकही दाखवता येत नाही. मी वर काय सांगू? एक दाखवा. खात्रीने एक दाखवा, तिथे आपण हाताने उकरू. काही मिळालं तर सगळं काम थांबवतो. देवाची शपथ."

एक दाखवा. मागच्या दारापासून एकवीस पावलं, डाव्या हाताला दोन. मला फक्त तेवढं चालायचं होतं. नाहीतर चार घरं पलीकडे जाऊन मार्थामावशीला बोलावून आणायचं होतं. ती आली असती, पावलं मोजली असती आणि बोट दाखवलं असतं. आणि दोन्हींतलं काहीही केलं तरी मग तिने विचारलं असतं, काल तू मला भिंतीशी ऐकवलंस ते काय होतं? ओहोळांसमोर विचारलं असतं, कंत्राटदाराच्या माणसासमोर, जमलेल्या गावासमोर. तिला मी नांगराच्या फाळापुढे बसवलं होतं, हे मला माझ्या तोंडाने सांगावं लागलं असतं.

"बोला," ओहोळ म्हणाले.

"नाही दाखवता येत," मी म्हणालो.

त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. त्यांना वाटलं, मला उगाच मनाला लागलं आहे. "तुम्ही तुमचं काम चोख केलंत," ते म्हणाले. मी घरी आलो आणि दार लावून बसलो. जेसीबीचा आवाज दारातून आत येत होता. आईने काही विचारलं नाही, आणि दिवसभर माझ्याशी बोललीही नाही.

पाया खणायला तीन दिवस लागले. माती ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांतून गेली. हाडं निघाली म्हणतात. कुणी म्हणालं कुत्र्यामांजरांची, कुणी म्हणालं शेरडांची. कागदावर माझी सही होती, तेव्हा माणसांची असण्याचा प्रश्नच नव्हता.

गाळे झाले. छप्परही झालं. पहिल्या पावसाळ्यात मंडळी देवळात मधोमध, कोरडी बसली आणि पाळकांनी प्रार्थनेत माझं नाव घेतलं. मार्थामावशीने भिंतीलगतच्या त्या जागेला विटांचा छोटा कट्टा केला. दर रविवारी उपासना झाली की ती तिथे बसायची, ईस्टरला झेंडू ठेवायची. मी दिसलो की लांबून हात जोडायची. चारचौघांत सांगायची, "मास्तरांच्या पोरानं माझी लेक हुडकून दिली." दोन वर्षं मी ते ऐकून घेतलं. आधी खूप लाज वाटायची, मग थोडी कमी वाटू लागली. लाजेचीही सवय होते, हे मला स्वतःवरून कळलं, आणि त्याची मला आजही किळस येते.

दोन हजार सालच्या उन्हाळ्यात ग्रामपंचायतीला नळाचा जुना व्हॉल्व्ह सापडत नव्हता. तो मार्थामावशीच्या दारासमोरच्या रस्त्यात कुठेतरी गाडला गेला होता. मी मशीन घेऊन गेलो. ती तांब्याभर पाणी घेऊन बाहेर आली आणि उंबऱ्यावर बसली.

"आता कुनाला हुडकतूस?"

"कुणाला नाही मावशी. पाण्याचा व्हॉल्व्ह आहे."

"त्यो बी बोलतो व्हय?"

"लोखंड असलं की वाजतं," मी म्हणालो. डोकं कामात होतं, नजर चकतीवर.

"आन् मानूस?"

"माणूस नाही वाजत."

तोंडातून शब्द गेला आणि मगच तो माझ्या कानात शिरला. मी मान वर केली. ती हातातला तांब्या तसाच धरून बसली होती.

"मंग मास्तर कसं वाजलं?"

"पेटीचे खिळे," मी म्हणालो. दुसरं काही सुचलं नाही.

 मी मशीन बंद केलं.

"माझ्या दीनाला पेटी न्हवती," ती म्हणाली. "लुगडं व्हतं तुझ्या आयचं. मंग भिताडापाशी काय वाजलं, शमुवेला?"

तेव्हा तरी मी खरं बोलायला हवं होतं. माणूस दुसऱ्यांदा तरी सुधारतो असं म्हणतात, पण माझ्या बाबतीत तसं झालं नाही.

"पायातले वाळे असतील, मावशी."

"वाळं म्या काडून घेतलं व्हतं," ती म्हणाली. "थोरल्या दोघांस्नी ज्वारी आनली त्याची. माझ्या हातानं काडलं. पाय गार व्हते."

मी रस्त्यात तसाच उभा होतो. समोरच्या घरातलं कुणीतरी बाहेर येऊन बघून गेलं. मला वाटलं, ती आता मला शिव्या देईल, दगड उचलेल, छाती बडवून गाव गोळा करील. त्यातलं काहीही केलं असतं तर मी मान खाली घालून ऐकलं असतं. तिने तांब्या खाली ठेवला आणि तोंडावरून पदर फिरवला.

"मंजी माझी पावलं बराबर व्हती," ती म्हणाली.

"बरोबर होती, मावशी."

"तुला कवा कळलं?"

"त्याच दिवशी. संध्याकाळच्या आत."

"ती खनायची मशीन यायच्या आदी?"

"आधी."

तिने मान हलवली. सौदा पटल्यावर बाजारात हलवतात, तेवढीच.

"आता एक सांग," ती म्हणाली. "आन् खरं सांग. ती माती कुठं नेऊन टाकली?"

मला ठाऊक होतं. ट्रॉल्या कुठल्या वाटेने गेल्या, ते मी दाराच्या फटीतून बघितलं होतं.

"फाट्यावर," मी म्हणालो. "एसटीचं निवाऱ्याचं शेड बांधलं ना, तिथे खड्डा होता. तो भरायला."

निदान एवढं तरी मी तिला खरं सांगितलं. तिने तांब्यातलं पाणी मला प्यायला दिलं, कारण ते ती माझ्यासाठीच घेऊन आली होती, आणि आत जाऊन दार लोटून घेतलं.

ती गावात कुणाजवळ एक शब्द बोलली नाही. भिंतीलगतचा कट्टा तिने मोडला नाही, पण तिकडे परत गेलीही नाही. पुढच्या रविवारपासून उपासना सुटली की ती तडक फाट्यावर जायची आणि शेडच्या कडेला, बाकावर नाही, खाली जमिनीवर बसायची. गाडी आली की कंडक्टर विचारायचा, मावशी, कुठं जायचंय? ती मान हलवायची आणि गाडी निघून जायची. लोक म्हणायचे, म्हातारी भ्रमिष्ट झाली, पिंपरीला गेलेल्या लेकाची वाट बघते. चार वर्षं ती अशी जात होती आणि मग एका रविवारी आली नाही.

फाटा माझ्या घरापासून पाच मिनिटांवर आहे. मी एसटी धरायला पुढच्या गावाला चालत जातो.